डेव्हिड बघितला, चला बसमध्ये!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी युरोप टूरवर पानभर मजकूर आला होता तो वाचून हे पत्र लिहितेय. लेख तसा छान होता, व्हिसा, फॉरेक्स कार्ड, थेपले-भाकरवडी कुठल्या बॅगेत टाकायची वगैरे सगळं होतं, पण फ्लोरेन्सच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आणि एक फोटो, आणि फोटोखाली लिहिलंय 'मायकेल अँजेलोचा जगप्रसिद्ध डेव्हिड'. अहो तो फोटो पियाझ्झा देला सिन्योरिया या चौकातला आहे, मागे पलाझ्झो वेक्कियोचं, म्हणजे तिथल्या जुन्या वाड्याचं दार दिसतंय की चक्क. म्हणजे ती नक्कल. अस्सल पुतळा 1873 सालीच तिथून हलवला, उघड्यावर ऊनपावसात दगड खराब व्हायला लागला होता म्हणून, तो आता ॲकॅडेमिया गॅलरीत आहे, आणि चौकातली ही प्रतिकृती 1910 मध्ये बसवलेली.

आता कॅप्शन चुकलं एवढ्यासाठी कोणी पत्र लिहीत नाही, मीही लिहिलं नसतं. पण आपल्याकडून ग्रुप टूरने जाणारे बरेच लोक हेच समजून परत येतात. गंमत बघा, बस आधी नदीपलीकडच्या टेकडीवर पियाझ्झाले मायकेलअँजेलोला थांबते, सगळं शहर तिथून एका नजरेत दिसतं, तिथे एक डेव्हिड आहे ब्राँझचा, ती नक्कल. मग टूरच्या बसेसना जुन्या गावात सोडत नाहीत म्हणून बाहेर उतरून चालत चालत चौकात यायचं, तिथे दुसरा डेव्हिड, तीही नक्कल. आणि अस्सल जिथे आहे त्या गॅलरीचं तिकीट बहुतेक पॅकेजमध्ये नसतंच, 'ऑप्शनल' म्हणून शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. म्हणजे माणूस दोन दोन डेव्हिडबरोबर सेल्फी काढून येतो आणि खरा बघतच नाही!

बरं नक्कल तर नक्कल, माझी त्याबद्दलही तक्रार नाही. तक्रार अशी आहे की त्या चौकाला आपले टूरवाले वीस मिनिटं, फार तर अर्धा तास देतात, आणि पेपरवाले दोन ओळी. मी तिथे ग्रुपबरोबरही गेलेय आणि नंतर मुलीबरोबर निवांतपणेही, त्यामुळे फरक माहितीये. ग्रुपबरोबर काय होतं, कानात ते इयरफोन, पुढे झेंडा, लोकल गाईड घाईघाईत पाच-सहा नावं फेकते, मग टूर मॅनेजर सांगतो की घोड्याच्या पुतळ्याजवळ अमुक वाजता भेटा, आणि लगेच निम्मी मंडळी वॉशरूम शोधायला आणि निम्मी जिलाटोच्या रांगेत. चौक कोणी बघतच नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी तर मला विचारलं, "इथे बघायचं काय नक्की, सगळे नागडे पुतळे तर आहेत." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

हा चौक म्हणजे त्या शहराचं राजकारण आहे, दगडात आणि ब्राँझमध्ये उभं केलेलं. कुठला पुतळा कोणी, कधी, कोणाला डिवचायला बसवला हे एकदा कळलं की मग तिथून पाय निघत नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाला तर हे पटकन कळायला हवं, पुतळा कुठे बसवायचा, कोणाचा बसवायचा, उद्घाटन कोणी करायचं यावरून आपल्याकडे किती रामायण होतं ते आपण रोज वाचतोच, तुमच्याच पेपरात.

सुरुवात पलाझ्झो वेक्कियोपासून करा. 1299 साली बांधायला घेतला, आराखडा अर्नोल्फो दि कांबियो नावाच्या आर्किटेक्टचा. राजवाडा राजवाडा म्हणतात पण मुळात तो राजासाठी बांधलेलाच नाही, शहराचा कारभार चालवणाऱ्या निवडून आलेल्या मंडळासाठी बांधला, त्या मंडळाला सिन्योरिया म्हणायचे म्हणून चौकाचं ते नाव. चौकाचा आकार इंग्रजी एल सारखा वाकडा का, तर त्याची गोष्ट अशी सांगतात की उबेर्ती नावाचं एक घराणं भांडणात हरलं, त्यांना शहराबाहेर काढलं, त्यांची घरं पाडली, आणि गद्दारांच्या जमिनीवर पुन्हा काही बांधायचं नाही असं ठरलं, मग वाडा एका कडेला सरकला आणि मोकळी जागा चौक झाली. वर मान करून टॉवर बघा, तो वाड्याच्या बरोबर मध्ये नाही, एका बाजूला आहे, कारण तिथे आधीच एका घराण्याचा जुना बुरूज उभा होता, तोच खाली पाया म्हणून वापरला. ९४ मीटर उंच आहे तो. आणि त्यावरचं घड्याळ नीट बघा, त्याला काटा एकच! फक्त तासाचा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं दुसरा पडला असेल, तर मुलगी म्हणाली आई ते तसंच आहे.

आता पुतळे. मेडिची हे तिथलं सावकार घराणं, बँकेच्या पैशावर शहर चालवायचे, नावाला लोकांचं राज्य आणि हुकूम यांचा. 1494 मध्ये लोकांनी त्यांना हाकलून लावलं आणि त्यांच्या वाड्यातून दोनातेल्लोचा ज्युडिथचा पुतळा उचलून आणून पलाझ्झोच्या दारात ठेवला. ज्युडिथ म्हणजे बायबलमधली ती बाई, जिने जुलमी सेनापतीचं मुंडकं उडवलं. इशारा कोणाला ते सांगायला नकोच. मग 1504 मध्ये मायकेल अँजेलोचा डेव्हिड (बायबलमधला, गोफणीने राक्षसाला लोळवणारा पोरगा) तयार झाला, पाच मीटरच्या वर उंच, आणि तो ठेवायचा कुठे यावर चक्क कमिटी बसली, त्या कमिटीत लिओनार्दो दा विंची आणि बोत्तिचेल्ली असली माणसं. लिओनार्दोचं म्हणणं पडलं की बाजूच्या छताखाली आत ठेवा, लोकांच्या वाटेत नको. (दोघांचं पटत नव्हतं म्हणतात, त्यामुळे मला यात थोडा वास येतो.) शेवटी ज्युडिथला बाजूला करून डेव्हिड दारात उभा राहिला. कॅथेड्रलच्या कारखान्यापासून इथपर्यंत आणायला चार दिवस लागले, चाळीस माणसं लाकडी गाडा ढकलत होती, आणि रात्री कोणीतरी त्याच्यावर दगड मारले म्हणून पहारा बसवावा लागला. अंतर किती म्हणाल तर आज आपण आईस्क्रीम खात खात चालून जातो एवढं.

1527 मध्ये पुन्हा मेडिचींच्या विरोधात दंगल झाली तेव्हा पलाझ्झोच्या खिडकीतून खाली बाक फेकलं गेलं ते नेमकं डेव्हिडच्या डाव्या हातावर, हाताचे तुकडे झाले. दोन पोरांनी ते तुकडे गोळा करून जपून ठेवले म्हणून नंतर हात जोडता आला, त्या पोरांतला एक वासारी, जो पुढे मोठा चित्रकार झाला आणि शेजारची उफिझ्झीची इमारत ज्याने बांधली तोच. गॅलरीत अस्सल पुतळा बघायला गेलात तर डाव्या हातावर जोड दिसतो का बघा, गाईड दाखवत नाहीत.

मग मेडिची परत आले ते कायमचे. आणि त्यांनी काय केलं, डेव्हिडला हात लावला नाही, त्याच्या शेजारी आपला माणूस उभा केला. 1534 चा हर्क्युलिस, बान्दिनेल्लीचा. तो संगमरवराचा ठोकळा आधी मायकेल अँजेलोसाठी होता, तो बान्दिनेल्लीला मिळाला आणि आणताना नदीत पडला, तेव्हा गावातले लोक म्हणायला लागले की आपल्याला कोण कोरणार हे कळल्यावर दगडाने जीव दिला. चेलिनी नावाच्या दुसऱ्या शिल्पकाराने तर त्या हर्क्युलिसला खरबुजांचं पोतं म्हटलं होतं. तुम्ही पुतळ्याच्या पाठीचे ते फुगलेले स्नायू बघा, पोतंच आठवतं.

हा चेलिनी स्वतः काही कमी नव्हता. उजव्या हाताला जो कमानींचा मोकळा मंडप आहे, लोज्जिया देइ लान्झी, 1376 ते 1382 मध्ये बांधलेला, तिथे त्याचा ब्राँझचा पर्सियस, ग्रीक पुराणातला वीर, आहे, हातात मेड्युसाचं मुंडकं धरून. पुतळा ओतायच्या दिवशी चेलिनी तापाने फणफणला होता, धातू घट्ट व्हायला लागला, तेव्हा त्याने उठून घरातली कथलाची ताटं-वाट्या सगळी भट्टीत टाकली आणि धातू वाहता केला, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, थोडं मीठमसाला लावून असेल. पर्सियसच्या मागे जाऊन त्याचं डोकं मागून बघा, शिरस्त्राण आणि केसांच्या मध्ये दाढीवाला चेहरा दिसतो, तो चेलिनीचा स्वतःचा म्हणतात. आमच्या ग्रुपमधलं कोणीही पुतळ्यांच्या मागे गेलं नव्हतं. पुतळा हा चारी बाजूंनी बघायचा असतो हेच आपण विसरतो, मोबाईलला पुढूनच बघायची सवय. आणि मेड्युसाची नजर पडली की माणूस दगड होतो ना, तर समोर डेव्हिड आणि हर्क्युलिस, दोघेही दगडाचे. हे मुद्दाम असणार, नाही असणार असं मला वाटतच नाही.

नेपच्यूनचं, म्हणजे समुद्रदेवाचं कारंजं अम्मानातीचं, मेडिचींपैकी ड्यूक कोसिमोच्या मुलाच्या लग्नाच्या निमित्ताने केलेलं, 1565 चं लग्न, कारंजं पूर्ण व्हायला नंतर अजून काही वर्षं लागली. नेपच्यूनचा चेहरा या कोसिमोसारखा. लोकांना आवडलं नाही. तिथे एक ओळ अजून म्हणतात, तिचं आपल्याकडे असं होईल, 'अम्मानाती, अम्मानाती, चांगल्या संगमरवराची केलीस माती.' 2019 मध्ये दुरुस्त करून पुन्हा सुरू केलंय, चकचकीत आहे, आणि 2023 मध्ये एक टूरिस्ट रात्री त्यावर चढला फोटोसाठी, काही भाग तोडला, पाच हजार युरोचं नुकसान. म्हणजे असले लोक सगळ्या देशांत असतात, आपणच तेवढे नाही. शेवटी 1594 चा घोड्यावरचा कोसिमो, हाच तो आपला 'घोड्याच्या पुतळ्याजवळ भेटा'. शंभर वर्षांत जुलमी माणसाचं मुंडकं उडवणाऱ्या बाईपासून घोड्यावर बसलेल्या ड्यूकपर्यंत चौक कसा गेला ते एका जागी उभं राहून बघता येतं. हे वीस मिनिटांत कसं सांगणार हो.

आणि आता पायाखाली बघा. नेपच्यूनपासून थोड्या अंतरावर जमिनीत एक गोल दगडी तबकडी आहे, अक्षरं कोरलेली. सावोनारोला नावाचा धर्मोपदेशक होता, मेडिची गेल्यावर शहर त्याच्या शब्दावर चालायला लागलं, 7 फेब्रुवारी 1497 ला त्याने याच चौकात आरसे, टोप, पत्ते, वाद्यं, पुस्तकं, चित्रं सगळ्याची होळी केली, लोकांनी स्वतःच्या हाताने आणून टाकली म्हणे. आणि पुढच्याच वर्षी 23 मे 1498 ला त्याच लोकांसमोर त्याला दोन साथीदारांसकट इथेच फाशी देऊन जाळला, राख अर्नो नदीत टाकली, कोणी अवशेष ठेवून पूजा करू नये म्हणून. तबकडी त्या जागेवर आहे. दरवर्षी 23 मे ला तिथे फुलं वाहतात. मी गेले तेव्हा एक बाई त्या तबकडीवर ट्रॉली बॅग ठेवून पर्समध्ये काहीतरी शोधत होती, बॅगेचं एक चाक बरोबर सालावर. तिला काय माहीत. तिथे ना दोरी ना पाटी.

बाकी पलाझ्झोच्या भिंतीवर कोपऱ्याजवळ, हर्क्युलिसच्या मागच्या बाजूला, दगडात खरवडलेला एक चेहरा आहे, एका बाजूने काढलेला, नाक-हनुवटी दिसते. मायकेल अँजेलोने पाठीमागे हात धरून न बघता कोरला अशी दंतकथा आहे. खरं खोटं काही असो, पोरांना शोधायला लावा, मजा येते, माझ्या नातवाने गाईडच्या आधी शोधला.

पैशाचं म्हणाल तर यातलं काहीही बघायला तिकीट नाही. चौक फुकट, लोज्जिया फुकट, पलाझ्झोचं पहिलं अंगणसुद्धा फुकट, त्याच्या भिंतींवर ऑस्ट्रियातल्या शहरांची चित्रं आहेत, ड्यूकची सून ऑस्ट्रियाची म्हणून तिला माहेर आठवावं असं काढून घेतलेली. (सासरी इतकं केलेलं मी तरी दुसरीकडे ऐकलं नाही.) चौकातल्या टेबलांवर मात्र बसताना जरा विचार करा. इटलीत काउंटरला उभं राहून कॉफी प्यायली तर एक दर आणि टेबलावर बसलात की दुसरा, बऱ्याच ठिकाणी वर माणशी 'कोपेर्तो' म्हणजे टेबलाचा आकार लागतो, आमच्याबरोबरच्या एका जोडप्याने एका ठिकाणी दोन कॅपुचिनो आणि पाणी घेतलं आणि बिल बघून दोघांचं तिथल्या तिथे भांडण झालं. मेनूवर दर लिहिलेले असतात, त्यांनी वाचले नव्हते, आणि वेटरने सांगितलं नव्हतं. आणि लोज्जियाच्या पायऱ्यांवर डबा उघडू नका, तिथले गार्ड उठवतात. 2018 मध्ये तर उफिझ्झीच्या आसपासच्या काही गल्ल्यांत जेवणाच्या वेळी फुटपाथवर बसून खाल्लं तर दंड लावला होता, दीडशे ते पाचशे युरो. थेपले बसमध्येच खा.

वेळ कुठली, तर माझं मत संध्याकाळी सातनंतर. दिवसा ग्रुप असतात, ऊन असतं, सावली नाही. संध्याकाळी डे-ट्रिपवाले परत जातात, लोज्जियाच्या आतल्या दगडी बाकावर म्हातारी-कोतारी बसतात, कोणीतरी व्हायोलिन वाजवत असतो, पुतळ्यांवर दिवे लागतात. पण टूरचं हॉटेल शहराबाहेर कुठेतरी हायवेला, डिनर साडेसातला इंडियन रेस्टॉरंटमध्ये, मग कसं जमणार. टूरवाल्यांनी फ्लोरेन्समध्ये एक संध्याकाळ मोकळी सोडली तर काय बिघडेल? मी एका कंपनीला हे विचारलं होतं, उत्तर आलं की पब्लिकला जास्तीत जास्त शहरं हवी असतात. असेलही. पण पब्लिकला माहीत असलेलंच पब्लिक मागणार ना, आणि माहिती द्यायची ती तुम्ही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठी कोल्हापूरकर म्हणून मी खरं तर पेन उचललं. 1865 ते 1871 फ्लोरेन्स इटलीची राजधानी होती आणि याच पलाझ्झो वेक्कियोच्या मोठ्या दालनात इटलीची लोकसभा भरायची. त्या काळात, 30 नोव्हेंबर 1870 ला, कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (ताराराणींचे पती ते नव्हेत, हे दुसरे) इंग्लंडहून परत येताना वाटेत आजारी पडून याच शहरात वारले. वय वीस-एकवीस. तिकडे तेव्हा हिंदू पद्धतीचा दहनविधी कोणी बघितलेलाच नव्हता, परवानगी मिळवावी लागली, आणि अर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर रात्री अंत्यसंस्कार झाले. 1874 मध्ये त्या ठिकाणी छत्री बांधली, डिझाईन चार्ल्स मँट यांचं, ज्यांनी आपला न्यू पॅलेस केला तेच, आणि छत्रीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे, फेटा, दागिने सगळं. कॅशिने नावाच्या बागेच्या पार टोकाला. फ्लोरेन्सची माणसं त्या भागाला इंडियानो म्हणतात, शेजारच्या मोठ्या पुलाचंही नाव तेच, पण कोण इंडियन विचारलं तर बऱ्याच जणांना सांगता येत नाही. आणि आपल्याकडच्या टूरच्या कार्यक्रमात मी आजवर हे नाव वाचलेलं नाही, तुमच्या पानातही नव्हतं.

चौकापासून तिथे पायी जायचा विचार करू नका, बाग तीन किलोमीटरहून लांब आहे. ट्रामने कॅशिनेपर्यंत जाऊन पुढे सायकल घ्या किंवा सरळ टॅक्सी करा, ड्रायव्हरला 'मोन्युमेंतो अल्ल इंडियानो' सांगा, नेतो. सकाळी चौक बघणारे संध्याकाळी तिकडे किंवा उलट, एका दिवसात आरामात होतं. कोल्हापूर-सांगलीकडून जे ग्रुप निघतात त्यांनी तरी बुकिंगच्या वेळीच हे लेखी मागून घ्या, नंतर तिकडे बसमध्ये बसल्यावर टूर मॅनेजर ऐकत नाही, रूट ठरलेला असतो त्याचा.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
कोल्हापूर